तिथले आठ वाजले की

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर सहीच्या पलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही. वडील सही करतात तीही पेन मोडेल की काय अशा बेतानं, जपून. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला, आणि त्यातही विज्ञान शाखेचा. म्हणजे माझं सगळं लिहिणं प्रयोगवहीतलं. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निष्कर्ष. एका माणसाबद्दल लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की यात पहिल्या तीन गोष्टी मला सांगता येतील, चौथी येणार नाही. निष्कर्ष न काढता वही पुढं करणाऱ्या मुलाला आमचे सर परत पाठवतात. तुम्ही सांभाळून घ्याल अशा आशेनं लिहितो.

तर, आमच्या घरमालक अप्पांइतका परदेशात राहिलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि ते राहायचे तुळजापुरात, देवळाकडं उतरणाऱ्या एका बोळात, एका लॉजच्या मागच्या भिंतीसमोर. जन्मभर त्यांनी एसटीत नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं ते स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, माइकवरून गाड्या पुकारायचे, आणि निवृत्त झाल्यावरही दूधवाल्याला हाक मारायची तर आधी खाकरून घ्यायचे. त्यांची एकुलती एक मुलगी, जिला मीही ताई म्हणतो, नोकरीसाठी हॉलंडला डेल्फ्ट नावाच्या शहरात गेली. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यावर तिनं अप्पांना तीन महिन्यांसाठी तिकडं नेलं. तीन महिने राहून ते परत आले असं गल्ली म्हणायची. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो, त्यावरून माझं मत असं की ते पुरते कधी परत आलेच नाहीत.

खोली बघायला मी आणि वडील आमच्या गावाहून, ईटहून, आलो तो दिवस मला चांगला आठवतो. दारात उभं राहून वडिलांनी रामराम घातला. अप्पांनी आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "वेळ घेतली व्हती का?" वडील म्हणाले, "कसली वेळ? खोली बघायची हाय." अप्पा म्हणाले, "मग गुरुवारी या," आणि दार अगदी अदबीनं लावून घेतलं. सुदैवानं दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता, म्हणून आम्ही रात्र धर्मशाळेत काढली. गुरुवारी त्याच दारात तेच अप्पा असे हसत उभे होते की जणू आम्हाला आयुष्यात पहिल्यांदाच बघतायत. चहा झाला. बिस्किटांचा डबा निघाला, वडिलांना एक, मला एक, आणि झाकण टक्कन बंद. "तिकडं अशीच पद्धत हाय," अप्पा म्हणाले. "पहिलं दिलं म्हंजे दुसरं समजून घ्यायचं." परतीच्या गाडीत वडील म्हणाले, "मानूस चांगला हाय. पर डबा लई घाईनं लावतो."

राहायला गेल्यावर कळलं की डबा तर काहीच नव्हता. अप्पांच्या संडासात, डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. "तिकडं तिथंच लावत्यात. दुसरीकडं कुठं इतकं निवांत वाचनं होतंय?" त्यात माझाही वाढदिवस त्यांनी घालून घेतला. आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणं त्या दिवशी फक्त माझं नाही, माझ्याशी संबंध असलेल्या सगळ्यांचं अभिनंदन केलं. शेजारच्या कुंकवाच्या दुकानातल्या मावशींचं केलं, दूधवाल्याचं केलं, आणि ईटला फोन लावून स्टँडवरच्या आवाजात माझ्या वडिलांचं केलं. वडिलांनी घाबरून मला फोन केला, "काय रं, निकाल लागला का? का लग्न केलंस?"

डेल्फ्टला ते 'डेल्फ' म्हणायचे. त्यांच्या बोलण्यातून मला ते शहर असं दिसायचं की जणू कुणी गाव पाण्यात बुचकळून काढलंय आणि नीट पुसून जागेवर ठेवलंय. घरांसमोर रस्ता, रस्त्याला लागून कालवा, आणि कालव्याला कठडा नाही. "पडायचं तर खुशाल पडा म्हनत्यात. पर सायकलसंगट पडू नका, सायकल महाग हाय." ताईनं अप्पांसाठी सायकल घेतली होती, दोन भक्कम कुलपांसकट. चोरानं कुलपं जागेवर ठेवली आणि सायकल नेली. "कुलपं चांगली व्हती," अप्पा अजूनही अभिमानानं सांगायचे. ताप आला तर डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत ताप कंटाळून गेला, आणि डॉक्टरनं सांगितलं, एक गोळी घ्या, पाणी प्या. "तेवढं तर स्टँडवरचा हमाल बी सांगतो." पानगळीत रुळांवर पानं पडली म्हणून रेल्वे उशिरा आली, तेव्हा तर त्यांच्यातला नियंत्रक पार दुखावला. "आमची एसटी झाड पडलं तरी बाजूनं काढत्यात, आन् हितं पानं." जिने इतके उभे की सोफा वर न्यायचा तर बाहेरून दोरानं ओढून खिडकीतून आत घ्यायचा. "मग मानूस गेला तर खाली कसा आनायचा?" असं त्यांनी ताईला विचारलं होतं. ताई म्हणाली, "अप्पा, जेवा."

पण सुखंही होती, आणि तशीच बारीक. सारखं ढगाळ असताना एखाद्या दिवशी ऊन पडलं की अख्खं गाव खुर्च्या घेऊन रस्त्यावर येतं आणि सूर्याकडं तोंड करून डोळे मिटून बसतं. अप्पाही बसले. "आपल्याकडं ऊन फुकट हाय, तर आपुन सावली हुडकतो," ते म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. गुरुवारी चौकात बाजार भरतो, तिथं जात्याच्या दगडाएवढं चीज असतं, माणसं कच्चा मासा शेपटीला धरून तोंडात सोडतात (अप्पा तेवढ्यापुरते डोळे मिटायचे), आणि कुणीही, अगदी एकटा राहणारा माणूससुद्धा, घरात ठेवायला फुलं घेऊन जातो. एक जुनी मिनार आहे ती सरळ सरळ वाकडी आहे. "पडायला आल्याय, पर पडायची वेळ ठरली नसल," अप्पा म्हणायचे. आणि नाव जायची असली की पूल वर उचलतात. नावेत एकच माणूस सफरचंद खात बसलेला, आणि त्याच्यासाठी दोन्ही काठांवर सगळं गाव थांबलेलं. "एक हॉर्न न्हाय, एक शिवी न्हाय. इतकी गप मानसं म्या फकस्त मयतीला बघितल्यात."

हे सगळं ऐकायला मजा यायची. बघायला तेवढी यायची नाही. भर वैशाखात, देवळाच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेववत नाही अशा दुपारी, अप्पा डेल्फ्टहून आणलेला निळा रेनकोट चढवून कुंकू आणायला निघायचे. आमच्या बोळाच्या मधोमध ते एकदम थांबायचे. पुढं काहीच नसायचं. ना गाडी, ना जनावर. हात मागं बांधून, तोंड किंचित वर करून ते उभे राहायचे. मी मागून आलो तर हळूच म्हणायचे, "थांब. पूल वर हाय." काय करावं ते मला कळायचं नाही, म्हणून मीही थांबायचो. वरच्या उन्हात पांढरं आभाळ नुसतं पेटलेलं असायचं. मग अप्पांची मान कशाच्या तरी मागं सावकाश डावीकडून उजवीकडं फिरायची, खाली यायची, आणि ते चालू लागायचे. मावशी दुकानातून म्हणायच्या, "गेली का रं नाव?" आणि आम्ही हसायचो. घरी आल्यावर अप्पा रेनकोट खुंटीला लावायचे. एकदा मी तिथून जाताना त्याची बाही माझ्या दंडाला लागली. ती गार आणि ओली होती. खाली शहाबादी फरशीवर पाण्याचं छोटं थारोळं होतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून आधी विचार केला की अप्पांनी रेनकोट धुतला असेल. मग विचार केला की आमच्या गल्लीला नळ चार दिवसांआड येतो, आणि तो येऊन तीन दिवस झालेत. थारोळ्यात एक पान होतं, पिवळं, हाताच्या पंज्यासारखं. तसं झाड मी तुळजापुरात पाहिलेलं नाही. पण मी सगळी झाडं पाहिलीत असंही नाही.

आता डेल्फ्टच्या कालव्यापल्याडच्या एका बाईंबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

आमच्याकडं नवरात्राच्या आधी देवी मंचकी निद्रेला जाते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. देवी पलंगावर, म्हणून गावातली पुष्कळ माणसं त्या दिवसांत गादी-उशी सोडून जमिनीवर निजतात. अप्पा डेल्फ्टला पोचले ते नेमके याच दिवसांत. त्यांनी ताईची मऊ गादी भिंतीला उभी केली आणि खालच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीपाशी, नुसत्या जमिनीवर अंग टाकलं. थंडी म्हणून सोबत नेलेलं काकूंचं जुनं, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं लुगडं डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतलं. तिकडं खिडक्यांना पडदे असले तरी ओढत नाहीत. ताई सकाळी अंधारातच कामाला गेली. उजाडल्यावर कालव्याच्या पल्याड राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी चहाचा पेला घेऊन खिडकीशी येऊन पाहिलं, तर समोरच्या घरात पांढऱ्या कापडाखाली एक माणूस जमिनीवर ठेवलेला.

"आपल्या स्टँडवरून गाडी निघायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत अँब्युलन्स आली," अप्पा सांगायचे. "मागनं पोलीस. दार ठोकाय लागले. म्या उठून दार उघडलं. दोन मानसं, एक बाई, सगळी उंच. म्या म्हनलं पावनं आलेत. या म्हनलं, बसा. चहा ठिवला." अँब्युलन्सवाल्यांनी चहा घेतला. ताईला फोन झाला, ती धावत आली, तिनं लाजून लाल होत देवीची झोप समजावून सांगितली. मग पूल ओलांडून त्या बाई स्वतः आल्या. अप्पांच्या मनगटाला हात लावून त्यांनी खात्री केली, आणि मग खुर्चीत बसून हसता हसता रडल्या. ताईमार्फत त्या म्हणाल्या की मी एकटी असते, हेही दिवसभर एकटे असतात, तेव्हा असं करू. रोज सकाळी आठला दोघांनी खिडकीत यायचं आणि हात वर करायचा. हात दिसला म्हणजे माणूस आहे. नाही दिसला तर फोन. त्यांनी ताईचा नंबर घेतला. नंतर तीन महिने अप्पा रोज सकाळी आठला उजवा हात वर करायचे आणि पाण्यापलीकडून एक हात वर व्हायचा. एकमेकांचा एक शब्द त्यांना येत नव्हता. अप्पा म्हणायचे, "तुझ्या काकूसंगट म्या जन्म काढला, पर तू हाइस का, असं रोज सकाळी कुनी कुनाला इचारलं न्हाय."

तुळजापुरात परत आल्यावर अप्पांनी हे बंद केलं नाही. तिथले आठ म्हणजे आपले साडेअकरा. दिवाळीच्या सुमारास तिकडं घड्याळ मागं घेतात, म्हणून तेव्हापासून साडेबारा, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास पुन्हा साडेअकरा. ती वेळ झाली की अप्पा धोतर नीट करून पुढच्या खोलीच्या खिडकीत उभे राहायचे आणि उजवा हात वर करायचे. खिडकीसमोर बोळ, आणि बोळापलीकडं लॉजची मागची भिंत. तिला खिडकी नाही, झरोका नाही; नुसता वाळलेल्या शेवाळाचा एक डाग. थोडा वेळ हात तसाच राहायचा. मग अप्पा मान डोलवून हात खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "हायत."

पुन्हा जायची त्यांची फार इच्छा होती, पण सोलापूरच्या डॉक्टरनं हृदयाचं कारण सांगून विमानाला साफ मनाई केली. तेव्हा त्यांच्या वाट्याला ती खिडकी तेवढी उरली. तिकडं ताईनं नोकरी बदलली, डेल्फ्टचं घर सोडलं आणि ती रॉटरडॅमला राहायला गेली. अप्पांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घर सुटलं म्हनून खिडकी सुटती व्हय?"

एक दिवस ताईचा मला फोन आला. ती म्हणाली, "तुला एक विचारायचंय, पण अप्पांना कळू देऊ नकोस. पल्याडच्या बाई मला अधूनमधून फोन करतात. म्हणतात, तुझे वडील बरे आहेत, आज सकाळी हात आला. त्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत. त्यांच्यातलंच कुणी हात करत असेल, बाईंना वयामुळं ओळखू येत नसेल, असं मी धरून चालते. पण तिकडं अप्पा भिंतीला हात करतात असं मावशी सांगतात. तू घरात असतोस. नीट बघ आणि मला खरं सांग, त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? नसेल तर मला हे घर बंद करून त्यांना पुण्याला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. मी दसऱ्याला येते. तेव्हा ठरवू."

मी हो म्हणालो आणि त्या रात्री जेवलो नाही. माझ्या एका शब्दावर एका माणसाची खिडकी राहणार होती किंवा जाणार होती, आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाचं मत कुणी विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून साडेअकराला मी काही ना काही निमित्तानं पुढच्या खोलीत असायचो. जे पाहिलं ते लिहितो. अप्पा हिशोबानं पक्के होते, दूधवाल्याला फसत नव्हते, माझ्या परीक्षेची तारीख मला आठवण करून देत होते. पण ते हात वर करून उभे असताना खोलीत गार व्हायचं. बाहेर बोळात कुत्री जीभ काढून सावलीला पडलेली असायची आणि खिडकीतून वारा यायचा तो ओल्या दगडाच्या वासाचा. एकदा काचेवर आतून धुकं धरलेलं मी पाहिलं, आणि बोटानं पुसलं. बोट ओलं झालं. शेवटी न राहवून मी म्हणालो, "अप्पा, समोर भिंत आहे."

"व्हय. भिंतच हाय."

"मग त्यांना दिसणार कसं?"

"त्यांचं त्या बघतील की," अप्पा म्हणाले. "आपुन आपला हात वर करायचा. न्हाय केला तर बाईंनी काय समजायचं?"

यावर ताईला काय सांगावं हे मला ठरवता येईना. म्हातारपण म्हणावं तर काचेवरचं धुकं मी माझ्या बोटानं पुसलेलं. खरं म्हणावं तर मी कुठल्या तोंडानं म्हणावं?

असं करता करता देवीची निद्रा आली. अप्पांनी गादी उभी केली, जमिनीवर पथारी नाही की चटई नाही, आणि तेच पांढरं लुगडं काढलं. एक दिवस प्रॅक्टिकल झालं नाही म्हणून मी दुपारी लवकर घरी आलो. अप्पा पुढच्या खोलीत खिडकीखाली डोक्यापासून पायापर्यंत लुगडं ओढून जमिनीवर निजलेले. मागोमाग मावशी ताकाचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "निजू दे रं. रात्री झोप लागली नसल खालच्या गारव्यानं. देवी बी निजलीय." तांब्या उंबऱ्याशी ठेवून त्या गेल्या. आमच्या गावात त्या दिवसांत जमिनीवर निजलेल्या माणसाकडं बघून कुणाच्या मनात दुसरं काही येत नाही. मी चपला हातात घेऊन वर गेलो आणि भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून भाकरी नुसतीच चटणीशी खाल्ली.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "अप्पा कुठायत?"

"निजलेत, ताई."

"कुठं?"

"खाली, जमिनीवर. निद्रा आहे ना देवीची."

ती अगदी हळू म्हणाली, "बाईंचा फोन आला होता. म्हणतात, आज हात आला नाही. म्हणतात, तो पुन्हा जमिनीवर आहे, आणि या वेळी उठून चहा करणार नाही. तू खाली जा. जा."

मी खाली गेलो आणि लुगडं बाजूला केलं. अप्पांचे डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डावा हात खिडकीच्या लाकडाकडं उठू बघत होता. मावशींनी गल्लीतली जीप बोलावली. सोलापूरला डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

दसऱ्याला ताई आली. मला तिनं काहीच विचारलं नाही. वृद्धाश्रमाचं नाव निघालं नाही. तिनं बाजारातून हातांची एक खुर्ची आणली आणि ती स्वतः ओढत नेऊन खिडकीत ठेवली. अप्पांचा उजवा हात गेला होता, तो मांडीवर वस्तूसारखा पडलेला असायचा. पहिल्या दिवशी त्यांनी डावा हात वर केला आणि काळजीनं मला विचारलं, "डावा हाय. बाई वळखतील का रं?" ताई परत गेल्यावर चार-आठ दिवसांनी तिचा फोन आला. "तू बाईंशी काही बोललास?" मला डच येत नाही, इंग्रजीही परीक्षेपुरतं येतं, मी कसा बोलणार? ती म्हणाली, "मी फक्त ते बरे आहेत एवढंच सांगितलं होतं. त्या विचारतायत, त्यांच्या उजव्या हाताला काय झालं?"

मी हे अप्पांना सांगितलं. त्यांनी बिस्किटांचा डबा मागवला. मला एक दिलं, थोडा वेळ झाकणाकडं पाहिलं, आणि आणखी एक दिलं. त्या घरात मी खाल्लेलं ते एकमेव दुसरं बिस्कीट.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी अप्पा गेले. मी वर अभ्यास करत होतो. साडेबाराला खुर्ची किंचित सरकल्याचा आवाज आला, मग नेहमीचं "हायत" ऐकू आलं, आणि मग बराच वेळ काही आलं नाही. त्या दिवशी ताईला बाईंचा फोन आला नाही. हात पोचला होता ना. ताई आली, दिवसवार झाले, माझी परीक्षा होईपर्यंत घर मीच सांभाळावं असं ठरलं. निघताना ती म्हणाली, "बाईंना हे फोनवर नको सांगायला. मी स्वतः जाऊन सांगते."

ती गेल्यावर घर फार मोठं झालं. खुंटीला निळा रेनकोट होता, आता कोरडा. साडेबाराला मी मुद्दाम कॉलेजात थांबायचो. पण एका सुट्टीच्या दिवशी घरीच होतो, आणि घड्याळाकडं न बघताच मला कळलं की वाजले. मनात आलं, बाई पेला घेऊन उभ्या असतील. रोज येतात आणि रोज कुणी नसतं, आणि त्यांना अजून कुणी सांगितलेलंही नसेल. मावशींना दिसू नये म्हणून मी पुढचं दार लोटून घेतलं, खुर्चीशेजारी उभा राहिलो आणि हात वर केला. समोर भिंत होती, तिच्यावर शेवाळाचा डाग. वारा आला नाही, गार झालं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली आणि मी हात लगेच खाली घेतला. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती म्हणाली, "आज गेले होते." डेल्फ्टला बाईंच्या घरात दुसरंच कुटुंब निघालं, गेल्या वर्षापासून राहणारं. त्यांनी पत्ता दिला. गावाबाहेर, कुरणांच्या पलीकडं, म्हाताऱ्या माणसांसाठीचं एक घर आहे, बाई तेव्हापासून तिथंच असतात. तिथली नर्स म्हणाली, त्यांची दृष्टी उन्हाळ्याच्या आधीच पूर्ण गेली, फोनही आम्हीच लावून देतो. रोज सकाळी आठला मात्र त्या खुर्ची खिडकीशी घ्यायला लावतात. ताईनं त्या खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर हातभर अंतरावर स्वयंपाकघराची भिंत आहे, विटांची, बिनखिडकीची.

"मला सांगावंच लागलं नाही," ताई म्हणाली. "आवाजावरून मला ओळखलं आणि म्हणाल्या, माहीत आहे, बरेच दिवस हात नाही, आणि या वेळी फोन करण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाल्या, पण आज एक आला होता. नवीन. खांद्याच्या वर गेलाच नाही. उत्तर येत असून वर्गात बिचकणाऱ्या मुलासारखा. कोण आहे तो?"

मी फोन घेऊन खिडकीशी गेलो.

"तुझ्यासाठी निरोप दिलाय," ताई म्हणाली. "उद्यापासून जरा वर कर म्हणाल्यात."